चार तळहातांवरची मोटार

मोटार घ्यायची ठरली की घरात पहिला वाद होतो तो रंगावरून. मग पाठीमागच्या बाकावर आजी नीट बसेल का, डिकीत पाहुण्यांची वळकटी मावेल का, रेडिओ कसा वाजतो, याची चौकशी होते. शेजारी येऊन काच वरखाली करून पाहतात. टायरांची विचारपूस मात्र कोणी करीत नाही! जोपर्यंत ते गोल आहेत आणि त्यांत हवा आहे, तोपर्यंत ते आपले काळे बिचारे, कुठेतरी खाली. आणि तरीही वाचकहो, सगळ्या मोटारीत रस्त्याला खरोखर टेकलेली वस्तू तेवढी एकच. एका टायरचा जेवढा भाग एका वेळी जमिनीवर टेकतो, तो आपल्या तळहाताहून फारसा मोठा नसतो. दीड टन वजनाची गाडी, तिच्यातली चार-पाच माणसे आणि त्यांचे सगळे भवितव्य अशा चार तळहातांवर उभे असते.

मी पेशाने गणिताचा शिक्षक, आता निवृत्त. राहणे नगर शहरात. (२०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण जुन्या माणसाच्या तोंडी ‘नगर’ बसलेले आहे, ते सावकाश सुटेल.) मोटारींच्या शास्त्रात मला गती नव्हती. पण आमची धाकटी मुलगी डॉक्टर झाली आणि अकोले तालुक्याच्या डोंगरी भागात एका आरोग्य केंद्रावर रुजू झाली, तेव्हा हा विषय आपल्या पायाने चालत घरात आला.

एक जिल्हा, दोन पावसाळे

परगावच्या वाचकांना नगर जिल्हा म्हटला की दुष्काळ, ज्वारीची भाकरी आणि टँकर आठवतात. ते खोटे नाही. नगर शहरात सबंध वर्षात पाऊस पडतो तो साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर. पण याच जिल्ह्याचा पश्चिमेचा कोपरा सह्याद्रीच्या माथ्याला भिडलेला आहे. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, रतनगड आणि हरिश्चंद्रगड तिथलेच. प्रवरेवर १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरणही तिथलेच. धरणाच्या पाठीमागे कोकणकड्यालगत वसलेल्या घाटघरला तर ‘जिल्ह्याचे चेरापुंजी’ म्हणतात. तिथला पाऊस हजारो मिलिमीटरांत मोजावा लागतो. जामखेडचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो, त्याच दिवशी राजूर-शेंडीच्या रस्त्यावर समोरचे दहा पावले दिसत नाही.

मुलीचा रोजचा रस्ता या पावसातला. अकोल्याहून निघायचे, राजूर मागे टाकायचे आणि पुढे चढ, वळणे, मध्येच रस्त्यावरून वाहणारे ओहोळ, शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांत तांबडी माती. अडलेली बाळंतीण किंवा सर्पदंशाचा रोगी ‘पाऊस थांबला की या’ असे सांगून वाट पाहू शकत नाही. म्हणून तिने जुन्या बाजारातून एक गाडी घेतली: चारी चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी, जिला ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ म्हणतात तशी. गाडी चांगली होती. टायर मात्र घासून गुळगुळीत गोटा व्हायच्या बेताला आले होते. पावसाळा तोंडावर आलेला, नोकरी नवी, डोक्यावर गाडीचे कर्ज. ती म्हणाली,

“बाबा, चारी चाकं ओढतात ना? मग या वर्षी निभेल. टायरांचं पुढच्या वर्षी बघू.”

तिच्या आईने माझ्याकडे पाहिले. “अहो, तुम्ही गणिताचे ना? मग हिशेब करून सांगा की तिला, निभेल का नाही ते!”

तो हिशेब मी केला. तो सगळ्यांच्याच उपयोगाचा आहे म्हणून इथे मांडतो.

जोर चार चाकांचा, पण थांबवणार कोण?

ऑल-व्हील ड्राइव्हचा खरा उपयोग कशाला? गाडी पुढे न्यायला. चिखलात एक चाक जागीच फिरू लागले तर बाकीची गाडीला ओढून काढतात. चढावर गाडी मागे घसरत नाही. हे सगळे खरे. पण ब्रेक? ब्रेक तर अगदी साध्या, स्वस्त मोटारीलासुद्धा चारी चाकांना असतात. म्हणजे थांबण्याच्या बाबतीत या महाग यंत्रणेने जास्त काहीच दिलेले नाही. वळणावर गाडी रस्त्याला धरून राहते तीही टायरच्या पकडीवर. इंजिनाचा जोर कुठे जातो त्यावर नव्हे.

आता आकडे पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचा ब्रेक दाबल्यावर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ती ढोबळ मानाने २० मीटरांत उभी राहते. तोच रस्ता ओला असला आणि पकड कोरड्यापेक्षा निम्म्याहून थोडीच जास्त उरली, तर अंतर ३५ मीटरांवर जाते. त्यावर ओल्या मातीचा पातळ थर असेल तर ५५ मीटरांच्याही पुढे. शिवाय समोरचे जनावर दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातोच; तेवढ्यात गाडी आणखी १६-१७ मीटर धावलेली असते. या गणितात वेगाचा वर्ग येतो आणि पकडीचा गुणक येतो. इंजिनाचा जोर किती चाकांना मिळतो, हा आकडा त्यात कुठेच नाही. कागद मुलीपुढे ठेवला. ती शास्त्र शिकलेली, तिला अधिक सांगावे लागले नाही.

उलट अशा गाडीत एक फसवा धोका असतो. साधी गाडी निसरड्यावर निघतानाच चाक फिरवून सावध करते: ‘बाबा रे, रस्ता वाईट आहे.’ चारी चाकांची गाडी मात्र त्याच रस्त्यावर सुरेख निघते, झटकन वेग घेते आणि चालवणाऱ्याला रस्ता चांगलाच असल्याचा भास होतो. खरी परिस्थिती कळते ती पहिल्या ब्रेकला.

बर्फातला सल्ला

आमचा थोरला मुलगा कॅनडात, मॉन्ट्रियलला असतो. फोनवर टायरांची गोष्ट निघताच तो म्हणाला, “बाबा, सरळ विंटर टायर घ्या!” त्याच्या क्विबेक प्रांतात २००८ पासून हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. आता १ डिसेंबर ते १५ मार्च ते गाडीला असलेच पाहिजेत, मग गाडी दोन चाकांनी ओढणारी असो की चार. लोक दोन जोड बाळगतात; दिवाळीच्या सुमारास एक उतरवून दुसरा चढवायचा, जसे आपण माळ्यावरून स्वेटर काढतो.

बर्फासाठी खास टायर करण्याची कल्पना फिनलंडची. १९३४ साली तिथे मालमोटारींसाठी असे टायर निघाले आणि १९३६ मध्ये छोट्या मोटारींसाठी. त्यांची गंमत अशी की, साधे रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर मात्र थंडीतही मऊ राहते. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने चिरल्यासारख्या बारीक रेघा असतात, त्या बर्फाला धरतात. खऱ्या हिवाळी टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचा कण असे चिन्ह कोरलेले असते.

मग आपण तेच घ्यावेत का? मुळीच नाही. नगरची थंडी कितीही कडक असली तरी ती पहाटेपुरती. दुपारी डांबर तापते, आणि उन्हाळ्यात तर विचारूच नका. अशा उष्णतेत ते मऊ रबर खोडरबरासारखे झिजेल आणि वळणावर गाडी लवचिक होईल. मात्र थोरल्याच्या सल्ल्याचा गाभा खरा होता. त्यांच्याकडे टायरची परीक्षा बर्फ घेतो, आपल्याकडे पाऊस घेतो. आपला ‘हिवाळा’ जूनमध्ये सुरू होतो, इतकेच! तेव्हा शोधायचा तो ओल्या रस्त्यावर धरणारा टायर.

पाण्यावर तरंगणारी गाडी

टायरवरची नक्षी शोभेची नसते. खाचा म्हणजे पाण्याची गटारे होत. चाक पुढे जाताना खाली सापडलेले पाणी या गटारांतून बाजूला फेकले गेले तरच रबर रस्त्याला लागते. वेग वाढला किंवा खाच उथळ झाली की पाणी बाहेर जाण्यास वेळ पुरत नाही आणि चाक पाण्याच्या थरावर अलगद चढते. मग सुकाणू फिरवा की ब्रेक दाबा, ऐकणार कोण?

विमाने ओल्या धावपट्टीवरून का घसरतात, याचा अभ्यास अमेरिकेतल्या नासाच्या अभियंत्यांनी १९६० च्या दशकात केला. त्यातून निघालेला नियम शाळेच्या मुलालाही करता येईल असा आहे. टायरमधली हवा जितके पौंड असेल त्याचे वर्गमूळ काढा आणि सुमारे साडेसोळाने गुणा. साचलेल्या पाण्यावर, नक्षी पाण्याला पुरी न पडणारा टायर साधारण त्या वेगाला तरंगू लागतो. हवा ३६ पौंड असेल तर वर्गमूळ ६, म्हणजे ताशी ९९ किलोमीटर. तीच हवा उतरून २५ झाली तर वर्गमूळ ५, आणि वेग ८२ वर आला. म्हणजे हवा कमी ठेवली की गाडी ओल्यात ‘बसून’ चालते हा समज डांबरी रस्त्यापुरता तरी उलटा आहे. हवा गाडीच्या दारावर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे ठेवावी, आणि सकाळी टायर थंड असताना मोजावी.

नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. खाचेच्या तळाशी अधूनमधून रबराचे छोटे बांध दिसतील. त्यांची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी झिजून त्या बांधांना टेकली म्हणजे टायरचा निकाल लागला. पावसाळी रस्त्याला मात्र तितकी वाट पाहू नये. खाच ३ मिलिमीटरवर आली की नवे घेण्याची तजवीज सुरू करावी. मुलीच्या टायरांत मला आढळले २ मिलिमीटर.

टायरची जन्मपत्रिका

दुकानात जाण्यापूर्वी टायरच्या बाजूवरची अक्षरे वाचायला शिकावे. आमच्या गाडीवर होते: २१५/६५ आर १६ ९८ एच. यातला २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरांत. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, जवळजवळ १४० मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी. १६ हा रिमचा व्यास, इंचांत. ९८ हा भाराचा सांकेतिक आकडा. त्याचा अर्थ एका टायरवर ७५० किलो. आणि ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत सोसण्याची क्षमता. भाराचा आणि वेगाचा संकेत गाडीच्या पुस्तकात दिला आहे त्याहून खालचा घेऊ नये, मग दुकानदार कितीही गोड बोलो.

याखेरीज एका लंबगोलात चार आकडे असतात, ती टायरची जन्मतारीख. ३५२४ असेल तर तो २०२४ सालच्या ३५ व्या आठवड्यात तयार झाला. रबर न वापरताही म्हातारे होते. ‘नवा’ म्हणून दिलेला टायर गोदामात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला नाही ना, हे या चार आकड्यांवरून कळते. चारही टायरांवरचे आकडे स्वतः वाचावेत. शिवाय आय.एस.आय. चिन्ह पाहावे.

दोनच बदलले तर?

आता खिशाकडे वळू. घरचे अंदाजपत्रक होते ४० हजारांचे. शहरातल्या दोन-तीन दुकानांत फिरलो. एका टायरवाल्याने सुचवले, “सर, दोनच नवे टाका. पैसे निम्मे.” साध्या गाडीला हे चालते, मात्र नवी जोडी मागच्या चाकांना घालावी, म्हणजे ओल्या वळणावर गाडीचे शेपूट घसरत नाही. पण चारी चाकांच्या गाडीची गोष्ट वेगळी आहे.

हिशेब असा. आमच्या मापाच्या नव्या टायरचा व्यास सुमारे ६८६ मिलिमीटर. किलोमीटरभर जायला तो ढोबळ ४६४ फेरे घेतो. सहा मिलिमीटर झिजलेल्याचा व्यास १२ मिलिमीटरने कमी. त्याला लागतात ४७२ फेरे. किलोमीटरला ८ फेऱ्यांचा फरक, शंभर किलोमीटरला ८००. पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणाऱ्या यंत्राला हा फरक अखंड सोसावा लागतो, आणि ते तापून झिजते. जोडीतला एक बैल उंच आणि एक ठेंगणा असला की जू एकाच्या मानेला काचते, तसाच हा प्रकार. टायरांत वाचवलेले पैसे त्या यंत्राच्या दुरुस्तीत दामदुपटीने जातात. म्हणून अशा गाडीला चारही टायर एका मापाचे, एका नक्षीचे आणि सारख्याच झिजेचे हवेत.

मला सांगितलेले भाव असे होते. सगळ्यांत महागाचे प्रत्येकी १२,५००, म्हणजे ५० हजार. खडकाळ आणि मातीच्या रस्त्याचे, जाड ठोकळ्यांच्या नक्षीचे ‘ऑल टेरेन’ १०,४०० प्रमाणे ४१,६००. रस्त्यासाठीचे, रुंद उभ्या खाचांचे मध्यम किमतीचे ८,६०० प्रमाणे ३४,४००. आणि वापरलेले, ‘अजून चांगले आहेत’ असे, ३,५०० प्रमाणे १४ हजार.

वापरलेले पाहून कोणाचेही मन चळेल. पण दर किलोमीटरला खर्च काढा. मध्यम टायर ४० हजार किलोमीटर चालले तर पडतात ८६ पैसे. जुने १२ हजार चालले तर एक रुपया १७ पैसे. आणि त्यांचा पूर्वीचा मालक त्यांना कोणत्या खड्ड्यात आपटून आला होता, हे सांगणारी पत्रिका कुठेच कोरलेली नसते. स्वस्त आणि परवडणारे हे दोन वेगळे शब्द आहेत, ते असे.

राहिले ऑल टेरेन. दिसायला पैलवान! तरुणांना तेच हवे असतात. पण मुलीच्या रस्त्याचा नऊ-दशांश भाग डांबरी. जाड ठोकळ्यांचे टायर मातीत उत्तम, पण ते जड असतात, आवाज करतात, पेट्रोल थोडे जास्त पितात आणि ओल्या डांबरावर त्यांतले बरेचसे रस्त्याच्या टायरइतके धरीत नाहीत. रोज रतनवाडी-साम्रदच्या पलीकडे कच्च्या वाटेने जाणाऱ्याने ते जरूर घ्यावेत. आमच्या कामाला रस्त्याचे बरे. शेवटच्या मातीच्या तुकड्यावर तिची चारी चाके ओढून नेतील. तिथे त्या यंत्रणेचा खरा उपयोग. म्हणजे मातीची काळजी गाडीने घ्यायची आणि पाण्याची टायरांनी, अशी कामाची वाटणी झाली.

३४,४०० चे टायर. बसवणे, बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि नवे व्हॉल्व्ह मिळून १,९००. एकूण ३६,३००. उरलेल्यांत हवा मोजण्याचे यंत्र, पायपंप आणि ओढण्याचा दोर आला. (आणखी एक हिताची गोष्ट: नव्या टायरांवरचा जी.एस.टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे. मूळ किंमत १० हजार असेल तर टायरमागे हजार रुपये कमी. भाव विचारताना हे ध्यानात असू द्या.)

नगरला चाकाचे वेड जुनेच

खरे म्हणजे चाक आणि जमीन यांचे भांडण नगरकराला नवे नाही. रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र आमच्या शहरात, आणि वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची संस्थाही इथेच. १९९४ पासूनच्या रणगाडा संग्रहालयात मुलांना न्या आणि साखळीपट्टे दाखवा: वजन अवाढव्य, पण ते पसरून वाटले की चिखलही धरतो. रबरी चाकाचा गुण आमच्या उसाच्या मळ्यांनीही ओळखला. प्रवरानगरला १९५० च्या हंगामात सहकारी साखर कारखान्याचे धुराडे पेटले. पुढे उसाच्या राशी वाहताना लोखंडी धावेच्या लाकडी चाकाजागी हवेचे टायर आले आणि टायरगाडी झाली. तेच बैल, पण ओझे जास्त आणि मानेला त्रास कमी. राहुरी-नेवाशाकडे आजही हंगामात ट्रॅक्टर शेतातली काळी चिकण माती डांबरावर आणून टाकतात. त्यावर दंव पडले की रस्ता साबणासारखा होतो. तेव्हा पाऊस संपला म्हणून सावधपणा संपत नाही.

या पावसाळ्यात एका रात्री मुलगी एका बाळंतिणीला पुढच्या रुग्णालयात पोचवण्यासाठी रुग्णवाहिकेच्या मागोमाग आपल्या गाडीने निघाली होती. उतारावरच्या वळणाला दरडीचे दगड खाली आलेले. रुग्णवाहिका थांबली, हिनेही ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, वाव राखून उभी राहिली. पुढे दगड बाजूला झाले, बाळंतीण पोचली, मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी फोनवर तिने पावसाचे, बाळाच्या वजनाचे आणि त्याच्या आजीने हातावर ठेवलेल्या गुळाच्या खड्याचे वर्णन केले. टायरांविषयी चकार शब्द नाही! मी विचारले तेव्हा म्हणाली, “टायर? ठीक आहेत की.” टायराला याहून मोठी शाबासकी नाही, त्याने आपले काम केले म्हणजे त्याची आठवणही होत नाही.

दिवाळीत आपण पुष्कळजण गाडी घेऊन गावी निघतो. कोणाला घाट उतरायचा असतो, कोणाला रात्रीचा प्रवास. निघण्यापूर्वी मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या आणि प्रत्येक टायरच्या खाचेत, मध्ये आणि दोन्ही कडांना घालून पाहा. मिलिमीटर किती ते मुलांनाच वाचू द्या आणि वहीत लिहायला सांगा. मध्ये जास्त झीज असेल तर हवा जास्त भरली जाते आहे; दोन्ही कडांना असेल तर कमी; एकाच कडेला असेल तर अलाइनमेंट बिघडली आहे. स्टेपनीची हवाही विसरू नका. पाच टायर, पाच मिनिटे. आकडा तीनच्या खाली आला असेल, तर फटाक्यांचे आणि रोषणाईचे अंदाजपत्रक थोडे आवरते घ्या आणि आधी टायरवाल्याकडे जा.